पागेचे गवत, गावाचे पाणी

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात राजगढच्या अगदी शेजारी मोहनखेडा आहे. श्वेतांबर जैनांचे हे मोठे तीर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आचार्य राजेंद्रसूरींनी उभे केले. सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ रचणारे हे आचार्य १९०६ साली राजगढला निवर्तले, त्यांची समाधी मोहनखेड्यातच आहे. श्रद्धाळू जैन घरांत पाणी गाळल्याशिवाय वापरायचे नाही हा दंडक आजही पाळला जातो. जाड फडके दुपदरी करून त्यातून पाणी गाळायचे आणि फडक्यात जे उरेल ती ‘जिवाणी’ ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत अलगद सोडायची.

या फडक्याचा हेतू पिणाऱ्याचे रक्षण हा नव्हता. पिणाऱ्यापासून पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना वाचवायचे, हा होता. पण माळवा-निमाडच्या पट्ट्यात पायातून हातभर लांब जंत बाहेर पडणारा नारू घरोघर ठाऊक होता, आणि नारूचे बीज पोटात वाहणारा सायक्लॉप्स नावाचा पाणकिडा अशाच फडक्यात अडकतो. १९८०च्या दशकात नारू निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांनी खेड्यापाड्यांत हेच सांगितले: पाणी गाळून प्या. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. जिवाणी परत विहिरीत सोडल्यावर किडेही विहिरीतच राहणार, हा यातला गमतीचा भाग. माणूस वाचला, विहीर होती तशीच राहिली.

एकासाठी केलेली व्यवस्था दुसऱ्याच्याच कामी यावी, असे या मुलखाच्या पाण्याच्या बाबतीत वारंवार घडले आहे. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट गवताची.

राजगढ-सरदारपूरचा भाग म्हणजे विंध्याच्या माथ्यावरचा उंचसखल माळ. इथेच, सरदारपूर तालुक्यात, मही नदी उगम पावते. आधी उत्तरेला झाबुआ-रतलामकडून राजस्थानात जायचे, बांसवाड्याजवळ वळसा घ्यायचा आणि मग नैर्ऋत्येला गुजरातेत उतरून खंबातच्या आखाताला मिळायचे, असा तिचा सुमारे ५८३ किलोमीटरांचा प्रवास. या फेऱ्यात ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. वाटेत तिच्यावर पेटलावदजवळचे माही धरण, राजस्थानातले माही बजाज सागर, गुजरातेतले कडाणा अशी मोठी धरणे आहेत. या सगळ्यांच्या पाण्याची पहिली चाळण कुठे असेल तर ती सरदारपूरच्या माळावरच्या गवतात.

चाळण हा शब्द इथे शब्दशः घ्यायला हरकत नाही. या भागात वर्षाला सरासरी आठशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरच्या मोजक्या सरींत कोसळतो. मारवेल, पवना अशा बहुवर्षायू गवतांचे बुंधे दाट असतील तर सरीचा मार पानांवर बसतो, पाणी बुंध्याबुंध्यांतून अडखळत जाते आणि मुळांनी सच्छिद्र केलेल्या जमिनीत मुरते. ओल्या जमिनीवर गुरांचे खूर पडले की ही छिद्रे बुजतात. गवत वरचेवर ओरबाडले गेले की बुंधे विरळ होतात, मग कुसळ वाढते, तेही टिकले नाही तर गुरे तोंड लावत नाहीत ती तणे उरतात. दबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी १९७३ साली भारतातल्या गवताळ आच्छादनांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दख्खन आणि माळव्याच्या पठारावरच्या पवना-मारवेल गटाची अशी पायरीपायरीने होणारी घसरण नोंदलेली आहे. घसरणीच्या प्रत्येक पायरीला ओढ्याचे पाणी जास्त गढूळ होते, कारण मातीबरोबर शेणातले जंतू, मातीला चिकटलेला फॉस्फरस आणि शेतातली खतेही वाहून येतात. गढूळपणा डोळ्यांना दिसतो. बाकीचे दिसत नाही.

आता या माळावर मराठे कसे आले ते पाहू. मोहनखेड्यापासून फारसे दूर नसलेल्या अमझेऱ्याजवळ २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पराभव केला. गिरिधर बहादूर लढाईतच पडला. त्यानंतरच्या काळात उदाजी पवारांच्या घराण्याने धारला आणि तुकोजी-जिवाजी या पवार बंधूंनी देवासला बस्तान बसवले. देवासची तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये झाली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि या दुहेरी राज्याचे त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिले.

या सगळ्या सत्तेचा पाया घोडा होता. घोड्याचा पाया गवत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घेऊन येई. पण वैरण दोघांच्याही घोड्याला लागेच. गवताची काळजी ही मराठी राज्यकारभारातली किती मोठी बाब होती हे शिवाजी महाराजांनी चिपळूण भागातल्या लष्कराला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावरून कळते. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणा-वैरण आताच उधळले तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा त्यात इशारा आहे. तेवत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकाईने बजावलेले आहे. गवताला राजा एवढे जपत असेल तर ते जिथे उगवते ती जमीन मोकाट सोडलेली असणे शक्यच नव्हते. म्हणून कुरणे राखली जात, आणि रयतेच्या गुरांच्या चराईवर वनचराई नावाचा कर मराठी दप्तरांत भेटतो.

माळव्यात राखीव कुरणाला ‘बीड’ म्हणतात. गुजरातच्या बाजूला ‘वीडी’ हे त्याचे रूप. बीडाचा कायदा साधा होता. पहिला पाऊस पडला की गुरे बंद. गवत वाढू द्यायचे, तुरे येऊन बी झडू द्यायचे आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी करून गंज्या रचायच्या. कापणीनंतर उरलेल्या खुंटांवर गुरे सोडली तरी चालत. दरबाराच्या दृष्टीने हा सगळा खटाटोप वैरणीचा होता. पाण्याच्या दृष्टीने मात्र यात एक नेमका योग जुळला होता: जमीन मऊ असते, खुराने सर्वांत जास्त नुकसान होते आणि सर्वांत जास्त माती वाहते, तेच चार महिने बीडात जनावर नसे. आजचा मृदसंधारणाचा तज्ज्ञ चराईचे वेळापत्रक आखायला बसला तर बहुधा याच तारखांवर येईल.

हे चित्र गोड करून सांगण्याचे मात्र कारण नाही. संस्थानी मुलखात गवतकापणी पुष्कळदा वेठीने करून घेतली जाई, आणि बीडाच्या कुंपणाबाहेर राहिलेल्या भिलाला आपल्या शेळ्या उरलेल्या मुरमाड उतारांवरच न्याव्या लागत. एक माळ हिरवा राहिला त्याची किंमत दुसऱ्या माळाने मोजली.

१८१८ नंतर तहनाम्यांनी संस्थानांच्या फौजा आटल्या, पण बीडे लगेच गेली नाहीत. उलट गिऱ्हाईक वाढले. त्याच साली महूला इंग्रजांची छावणी पडली आणि तिथल्या घोड्यांना रोज गवत हवेच होते. १८५७ मध्ये अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांनी उठाव केला, भोपावरची इंग्रजी छावणी लुटली गेली. फेब्रुवारी १८५८ मध्ये त्यांना इंदूरला फाशी दिले गेले आणि अमझेऱ्याचा मुलूख शिंद्यांकडे गेला. महीकाठचे सरदारपूर पुढे भोपावर एजन्सीचे आणि माळवा भील कोअरचे ठाणे बनले. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोहनखेड्याभोवतीच्या मुलखात शिंदेशाही, धारचे पवार, भिलांची इंग्रजी पलटण, राजगढचे जैन व्यापारी आणि मारवाडातून मेंढ्या-उंट घेऊन येणारे रेबारी इतक्या सगळ्यांचा डोळा एकाच गवतावर होता.

त्यात संवत १९५६चा दुष्काळ आला. १८९९-१९००चा हा ‘छप्पनिया’ माळवा, गुजरात, राजपुताना या सगळ्यांच्या आठवणीत अजून आहे. सुकाळाचा मुलूख म्हणून मारवाडातली माणसे आणि गुरे माळव्याकडे धावली आणि इथेही गवत नव्हते. या भागातल्या जैन समाजाची पांजरपोळ-गोशाळांवरची श्रद्धा अशा दुष्काळांनी आणखी पक्की केली. मोहनखेड्याच्या ट्रस्टचीही गोशाळा आहे. भाकड आणि म्हाताऱ्या गुरांना दावणीला वैरण घालणारी गोशाळा ही धर्मसंस्था तर आहेच, पण गुरे माळावरून गोठ्यात आणणारी संस्थाही आहे. फक्त तिचे शेण-मूत खड्ड्यात नीट मुरवून शेतात गेले पाहिजे. ओढ्याकाठी ढीग लागला तर माळ वाचवून पाणी नासवल्यासारखे होते, हे गोशाळांच्या देणगीदारांना सहसा कोणी सांगत नाही.

घोडा गेला आणि बीडाचा वाली गेला. १९४८ साली धार, देवास, ग्वाल्हेर, इंदूर ही सगळी संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. दरबारी बीडे काही वनखात्याकडे गेली, काही महसूल खात्याच्या दप्तरात ‘चरनोई’ म्हणून लागली. महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात तीच ही जमीन. सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नव्हे. पुढे मध्य प्रदेशात गावासाठी राखायच्या चरनोईचे प्रमाण टप्प्याटप्प्याने दोन टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले आणि मोकळी झालेली जमीन भूमिहीन दलित-आदिवासींना वाटण्याचे धोरण दिग्विजय सिंह सरकारने राबवले. त्यामागचा न्यायाचा मुद्दा खोटा नव्हता, आणि ज्यांच्या आजोबांनी बीडावर वेठ केली त्यांना जमिनीचा तुकडा मिळू नये असे कोण म्हणेल? पण गावातल्या बड्यांची शेते जशीच्या तशी ठेवून वाटपासाठी नेमके गवतच निवडले गेले, हेही विसरता येत नाही.

त्याआधीच माळव्यात सोयाबीन मुसंडी मारून आले होते. १९७०च्या दशकापूर्वी इथला बराच शेतकरी खरिपात काळी जमीन पडीक ठेवी आणि रब्बीत गहू-हरभरा घेई. सोयाबीनने पावसाळ्यातच पैसा दिला. त्या पैशाच्या ओढीने माळावरचे उथळ मातीचे उतारही नांगराखाली आले. जूनच्या पहिल्या सरीला ही नांगरट उघडी असते. गवताने शेकडो वर्षांत धरलेली माती ट्रॅक्टरच्या दोन-चार हंगामांत नाल्यात उतरते, आणि तिच्याबरोबर तणनाशकही.

तरीही सरदारपूरच्या माळाचा एक तुकडा राहिला तो पक्ष्यामुळे. तणमोर, इकडे त्याला खरमोर म्हणतात. कोंबडीएवढा, पावसाळ्यातच दिसणारा. काळ्या-पांढऱ्या पिसांचा नर उंच गवतातून दिवसाकाठी शेकडो वेळा हवेत उडी मारतो, मादीला दिसावे म्हणून. सालिम अलींच्या आग्रहामुळे १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यातले सैलाना आणि धार जिल्ह्यातले सरदारपूर अशी दोन खरमोर अभयारण्ये जाहीर झाली. पक्षी विणीला येतो पावसाळ्यात, म्हणून चराई बंद ठेवायची तीही पावसाळ्यातच. पागेच्या घोड्यासाठी जे वेळापत्रक होते तेच आता पक्ष्यासाठी आले. पाण्याचा विचार तेव्हाही कोणी केला नव्हता, आताही केला नाही.

सरदारपूरचे अभयारण्य कागदावर सुमारे ३४८ चौरस किलोमीटरांचे झाले, त्यात गावेच्या गावे आली आणि तिथल्या जमिनींच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले. मुलीच्या लग्नाला वावर विकता येत नाही म्हटल्यावर शेतकऱ्याच्या मनात खरमोराबद्दल काय प्रेम उरणार? वनखात्याने पक्ष्याची खबर देणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची युक्ती काढली, ती निदान माणसाचा स्वभाव ओळखून काढलेली होती. दरम्यान खरमोर आता जगभरच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ झाला आहे.

गवत गेल्याचा हिशेब विहिरींनी मांडला. माळावर मुरलेले पाणी उथळ विहिरींना येते. मुरणे थांबले की विहिरी माघातच तळ दाखवतात आणि माणूस बोअर मारतो. धार-झाबुआच्या बऱ्याच भागात खोलवरच्या खडकातल्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दात पिवळे-तपकिरी पडतात, पुढे हाडे वाकतात. म्हणजे वरच्या पाण्यात नारू होता म्हणून लोकांना हातपंपाकडे वळवले, आणि कित्येक ठिकाणी हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड निघाले. झाबुआत फ्लोरोसिसवर काम करणाऱ्यांनी रुग्णांच्या आहारात कॅल्शियमसाठी टाकळ्याची भाजी आणली. टाकळा अति चरलेल्या माळावर माजतो, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत. रोग आणि उतारा एकाच उजाड जमिनीवर उगवावेत, हा योगायोग विलक्षणच म्हणायचा.

देवासची कथा वेगळ्या अंगाने गेली. कारखाने आले, बोअर खोल गेले आणि एप्रिल १९९० मध्ये या शहराला इंदूरहून रेल्वेच्या टँकरांनी पाणी आणावे लागले. २००६ नंतर तिथले जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी शेतकऱ्यांना स्वतःच्या खर्चाने शेततळी खणायला लावली, त्यांना ‘रेवा सागर’ नाव दिले, आणि टोंकखुर्दसारख्या तालुक्यात तळ्यांची रांग लागली. मोठे काम झाले यात शंका नाही. पण तळे हे भांडे आहे. वरचा उतार उघडा असेल तर भांड्यात गाळही येणार.

हा धडा चंदीगढने आधी शिकला होता. १९५८ साली बांधलेला सुखना तलाव गाळाने भरू लागला. १९७०च्या दशकात पी. आर. मिश्र नावाच्या मृदसंधारण अधिकाऱ्याने गाळाचा माग काढला तो शिवालिकच्या पायथ्याच्या सुखोमाजरी गावापर्यंत, तिथल्या शेळ्यांनी खरवडलेल्या टेकड्यांपर्यंत. कुंपण आणि दंड यांनी काही साधणार नव्हते. मिश्रांनी गावासाठी छोटे बंधारे बांधले आणि बंधाऱ्याच्या पाण्यात प्रत्येक घराला वाटा मिळेल, अगदी बिनजमिनीच्या घरालाही, अशी घडी बसवली. टेकडीवर शेळी गेली तर आपल्याच पाण्यात गाळ येणार हे एकदा घरोघर समजल्यावर लोकांनी स्वतःहून मोकाट चराई सोडली, शेळ्यांच्या जागी दावणीच्या म्हशी आल्या. पुढे १९९७ साली न्यूयॉर्क शहराने कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला, त्यामागचा विचारही असाच: खाली गाळणयंत्रे बसवण्यापेक्षा वर गोठे सुधारायला आणि ओढ्याकाठी कुंपणे घालायला पैसे दिलेले स्वस्त.

मराठी वाचकाला यासाठी इतके लांब जाण्याचीही गरज नाही. नगर जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि त्यानंतर हिवरेबाजार या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून अमलात आणली. १९९२च्या आदर्श गाव योजनेने तीच सूत्रे राज्यभर नेली. हिवरेबाजारात गवत कापून न्यायला मुभा आहे, गुरे सोडायला नाही. जुन्या बीडाचा नियम तोच, फरक एवढाच की दरबाराच्या जागी ग्रामसभा आणि वेठीच्या जागी आपले स्वतःचे विळे. खुद्द झाबुआतही, मोहनखेड्यापासून जवळच, भिलांच्या ‘हलमा’ या परंपरेला शिवगंगा संस्थेने पाण्याच्या कामाला जुंपले. हलमा म्हणजे अडलेल्याच्या मदतीला सगळ्या पाड्याने धावून जाणे, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. हजारो भील गैती-फावडी घेऊन झाबुआजवळच्या हाथीपावा टेकडीवर येतात आणि पाणी जिरवायला चर खणतात. ज्यांना बीडाबाहेर ठेवले गेले होते, त्यांचेच नातू-पणतू आता टेकडी राखू पाहतात.

सरदारपूरला अजून असे काही जुळून आलेले नाही. वनखाते पावसाळ्यात खरमोर मोजते, महसूल खाते चरनोईची टक्केवारी पाहते, जलप्रदाय खाते फ्लोराइडची पातळी तपासते आणि धरणांवरचे अभियंते गाळाची खोली नोंदवतात. प्रत्येकाची वही वेगळी. माळावरचे गवत यांपैकी कोणत्याही वहीत पाणी म्हणून लिहिलेले नाही, आणि ते राखणाऱ्या शेतकऱ्याला खालच्या धरणांकडून काही येणे आहे, असा ठराव अजून एकाही दप्तरात झालेला नाही.